दुसऱ्या हातचा आलेख

चौथी स्लाईड पडद्यावर आली आणि मी चहाचा घोट तोंडातच धरून बसले. तो आलेख माझ्या हातचा नव्हता.

पडद्याशेजारी माझे यजमान उभे होते. श्रीधर गावंडे, मृदाशास्त्र विभागातले संशोधन सहाय्यक, नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे. प्रबंध दाखल करण्याआधीचा त्यांचा हा शेवटचा सेमिनार होता. वऱ्हाडातल्या आमच्या कृषी महाविद्यालयाचा हॉल, पहिल्या रांगेत प्राध्यापक, मधे विद्यार्थी आणि सगळ्यात मागे मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण स्वयंपाक करणारी बाई पंगत बसली की दारात उभी राहून बघते ना, कोण काय पुन्हा मागून घेतं ते, तशी मी त्यांच्या प्रत्येक सेमिनारला मागे जाऊन बसायची. कपाशीच्या रानात किती खोलीवर किती ओल टिकते, हे श्रीधरनी वर्षानुवर्षं मोजलं होतं. त्या आकड्यांची चित्रं मी केली होती. बोलायचे ते, पण पडद्यावर दिसायची मी.

माझं सांख्यिकीत एम.एस्सी. झालेलं. ऑक्टेव्ह नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते मी घरच्या कॉम्प्युटरवर घालून घेतलं होतं. आकड्यांचे रकाने द्यायचे, आज्ञा टाईप करायची, आलेख समोर. एवढं ऐकलं की लोकांना वाटतं, काढतं तर मशीनच, मग यात बाईचं काय? पण पोळपाट-लाटणं घरोघरी सारखंच असतं आणि तरी पोळी कुणाची ते ताटात कळतं. माझा आलेख दुरून ओळखू यायचा. रेघ ठसठशीत. चहूबाजूंची चौकट काढून टाकलेली, दोनच अक्ष. कोणती रेघ कशाची हे सांगणारी पेटी कोपऱ्यात कोंबायची नाही, रेघेच्या टोकाशीच तिचं नाव लिहायचं. आणि पिवळा रंग कधी म्हणजे कधीच नाही, कागदावर तो दिसत नाही.

आणि खरी परीक्षा तर पुढेच असते. पडद्यावरचा आलेख छापण्यासाठी बाहेर काढायचा, त्याला एक्सपोर्ट म्हणतात, तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. पडद्यावर टपोरी दिसणारी अक्षरं कागदावर मुंग्यांएवढी होतात. कारण लोक आधी आलेख काढतात आणि कागदाचं माप मागाहून बघतात. मी आधी कागद मापायची, मग अक्षर ठरवायची. श्रीधरना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मी माहेरी गेले होते, तर या गृहस्थांनी पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून तो लेखात चिकटवला होता. त्यात आमच्या ट्यूबलाईटचं प्रतिबिंबही आलं होतं.

आणि आता ही चौथी स्लाईड.

मी खोली नेहमी आडव्या अक्षावर घ्यायची आणि ओल उभ्या. इथे खोली उभी होती, तीसुद्धा वरून खाली. शून्य माथ्याशी, म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग, आणि आकडे खाली उतरत गेलेले. खड्डा खणून काठावरून आत डोकावावं तसं. पावसाळा संपतानाची रेघ काळीभोर, दिवाळीची जरा उतरलेली, आणि पुढे पुढे एकेक रेघ भुरकट होत गेलेली. आमच्याकडची काळी माती वाळताना जशी रंग सोडते, अगदी तशी.

महल्ले सर, म्हणजे श्रीधरचे मार्गदर्शक, खुर्चीत सरळ झाले. "वा, गावंडे! आज जमीन दिसली बुवा!"

माझ्या आलेखांना इतक्या वर्षांत महल्ले सर फार तर "छान" म्हणाले होते. तेही घड्याळ बघत. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! आलेख वाईट असता तर मी पदराआड हसले असते. पण तो माझ्यापेक्षा चांगला होता, आणि ते त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बाईनं टेबलावर दोन बोटं वाजवून दाद दिली आणि श्रीधर तिच्याकडे बघून हसले. तनुजा शेवाळे. नगरकडून नव्यानं आलेली सांख्यिकीची प्राध्यापिका, तिशीची, लग्न न झालेली, डोळ्यांत भरेल अशी चटपटीत. शेवटच्या स्लाईडवर आभार होते. महल्ले सरांचे, आणि खाली, प्रा. तनुजा शेवाळे यांचे. माझं नाव नव्हतं. ते कधीच नसायचं, घरच्या माणसाचे आभार कशाला मानायचे, असं आमचं ठरलेलंच होतं. म्हणजे कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं.

दोन अधिक दोन चार करायला सांख्यिकी लागत नाही.

संध्याकाळी श्रीधर जेवायला बसले. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी होती. मी शांतपणे म्हणाले, "चौथा आलेख चांगला होता."

"हो न? महल्ले सरायले बी आवडला."

"कोणं काढला?"

घास तोंडाशी थांबला. "निघाला," ते म्हणाले.

"आपोआप?"

"अवं, निघाला म्हणजे... काम त चालूच असते न डिपार्टमेंटमध्ये."

"बरं. छापायले देताना मले सांगजा. अक्षरं पाहून एक्सपोर्ट करून देतो म्हणावं त्याईले."

"ते झालं."

"काय झालं?"

"एक्सपोर्ट. जर्नलले पाठवून बी देला."

दुसरीच्या हातचं चाखून पाहिलं, इथवर मी एक वेळ समजून घेतलं असतं. यांनी तर डबाही तिच्याकडूनच भरून घेतला होता.

"शेवाळे मॅडम हुशार आहेत," मी म्हणाले.

"लय हुशार. मोठी मदत होते त्यायची."

"दिसतेच आहे."

"काय दिसते?"

"भाजी वाढू?"

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. श्रीधर पावसाळ्यापासून घरी उशिरा येत होते, हे आता माझ्या ध्यानात आलं. दाढी रोज करत होते. पूर्वी दुपारी जेवायला घरी यायचे, ते डबा नेऊ लागले होते आणि मी मूर्ख, त्यात लोणचंही घालून देत होते. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मला सगळं भुरकट दिसू लागलं. सेमिनारला वाटलेल्या कागदांतला तो आलेख मी पोळ्या लाटता लाटता ओट्यावर ठेवून बघायची. रंग तर बाईच्याच डोळ्यानं निवडलेले होते. साडीच्या दुकानात तासभर बसलेल्या माणसालाच एका काळ्यातून इतके भुरे काढता येतात. आणि सगळ्यात जिव्हारी काय लागलं, तर रेघांची नावं रेघांच्या टोकाशी लिहिलेली होती. ही माझी तऱ्हा! म्हणजे बयेनं माझे जुने आलेख समोर ठेवून, माझ्याच जोत्यावर आपली माडी चढवली होती.

नवरा जातो की काय, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती दुसरीच होती. तो गेला नाही, घरातच राहिला, जेवला-झोपला आणि आलेख मात्र तिच्याकडून काढून घेत राहिला, तर या घरात मी कोण?

संक्रांत आली. तिच्या दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले, तिळगुळाचा डबा घेतला आणि सांख्यिकी विभागात गेले. गोड बोलायला कारणही चांगलं होतं.

"अहो वहिनी, या ना!" शेवाळेबाई उठून उभी राहिली. तिला सर्दी झाली होती आणि नाक लालबुंद होतं, ते बघून मला जरा बरं वाटलं. "तुम्ही स्वतः आलात? सरांनी आणून दिला असता की डबा."

"म्हटलं, आपणच जावं. तिळगूळ घ्या, गोड बोला."

तिनं लाडू घेतला, मला खुर्ची दिली आणि चहा सांगायला दारापर्यंत गेली. तेवढ्यात मी तिच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. त्यासाठीच तर आले होते.

पडद्यावर एक आलेख होता. असा आलेख मी पहिल्या वर्षाच्या पोराच्या तोंडावर मारला असता. सुतासारख्या बारीक निळ्या-हिरव्या-तांबड्या रेघा, सॉफ्टवेअरनं दिल्या तशाच उचललेल्या. चौकट जशीच्या तशी. नावांची पेटी नेमकी रेघेच्या शेंड्यावर बसलेली, म्हणजे जे बघायचं तेच झाकलेलं. आणि पिवळी रेघ! पिवळीसुद्धा होती!

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"माझाच की." ती लाजून हसली. "हसू नका हं, वहिनी. आकडेमोड मला कितीही सांगा, पण चित्राचं काही जमत नाही. हे असं काढायचं आणि गावंडे सरांसमोर ठेवायचं. ते जरा वेळ बसतात आणि असं देखणं करून देतात ना!"

"कोण गावंडे?"

"वहिनी, तुम्ही पण ना!"

मी हातातला डबा मांडीवर ठेवला. "ते... कधीपासून काढतात?"

"पावसाळ्यापासून. आधी त्यांची काय दैना होती म्हणून सांगू! मी आपली आज्ञा कशी लिहायची तेवढं सांगायची. पहिले काही दिवस तर कीबोर्ड फोडायचाच बाकी होता. आधीची रेघ धरून ठेव असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं ना, नाहीतर नवी रेघ आली की जुनी पुसली जाते? ते रोज विसरायचे. पाच रेघा काढायच्या आणि शेवटची एकच शिल्लक. एकदा तर तसेच गठ्ठाभर छापून आणले आणि मला विचारतात, बाकीच्या कुठं गेल्या हो मॅडम?" ती शिंकली. "पण चिकाटी जबर. जेवणाच्या सुट्टीत डबा इथंच खायचे, लोणचं मला द्यायचे आणि बसायचे. आता तर आमच्या खोलीतले सगळे त्यांच्याच मागे असतात."

एवढं बोलून तिनं जीभ चावली. "अगबाई. घरी सांगू नका म्हणाले होते."

तिथून निघताना मला हलकं वाटायला हवं होतं. नवरा सरळ होता, बाई साधी होती, माझं कुंकू शाबूत होतं. पण छे! विभागाच्या पायऱ्या उतरताना माझे डोळे भरून आले ते रागानं. सवत निघाली असती तर परवडली असती. सवतीशी भांडता येतं, चार माणसं आपल्या बाजूनं बोलतात, माहेरून भाऊ येतो. नवऱ्याला आपलं काम आपल्याहून चांगलं येऊ लागलं, हे गाऱ्हाणं घेऊन कुणाच्या दारात जायचं? साप म्हणून भुई धोपटायला गेले होते, तर भुईच पायाखालून सरकली.

श्रीधर घरी आले तेव्हा मी पुढच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. कोपऱ्यातला तिळगुळाचा डबा त्यांनी पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"शेवाळे मॅडमकडे गेली होती तू."

"तिळगूळ द्यायले."

ते खाली बसले. सुपातली एक शेंग घेतली, सोलली आणि दाणे सुपातच टाकले. मी पुढची शेंग उचलली.

"कायले लपवलं?" मीच विचारलं.

"मागच्या वर्षीची मिटिंग आठवते तुले? तुले ताप होता, तू नव्हती आली. महल्ले सर म्हणाले, गावंडे, आलेखाचा हा खालचा पट्टा जरा मोठा करून दाखवा, इथल्या इथं. कॉम्प्युटर समोर, आकडे समोर, अन् मी उभा. काय दाबू काय नाही, काही समजेना. मांगून कोणीतरी म्हणालं, सर, त्यायले घरी फोन लावू द्या. सारा हॉल हसला. मी बी हसलो."

"मले नाही सांगतलं."

"काय सांगू? का तुह्या आलेखापायी मले हसले म्हणून?"

"माह्यामुळं हसले?" मी सूप बाजूला सारलं. "मी फुकटात राबली थे राबली, अन् वरून माह्यामुळं?"

"तुह्यामुळं नाही. माह्यामुळं. म्हणून त शिकलो."

"मग मले विचाराचं होतं. मी शिकवलं असतं. त्या नगरवालीच्या दारात कायले बसले?"

"तुले दोनदा विचारलं," श्रीधर म्हणाले. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे भांडताना ते जास्तच खरे वाटायचे. "दोन्ही वेळा तू म्हणाली, सरका, मी काढून देतो. अन् कीबोर्ड ओढून घेतला."

ते खरं होतं. मी कीबोर्ड ओढून घेतला होता आणि तिसऱ्यांदा विचारलं असतं तरी ओढून घेतला असता. त्यात माझं काय चुकलं, ते मला आजही कुणी समजावून सांगावं.

"अन् तो उलटा अक्ष?" मी विचारलं. इतके दिवस छातीत रुतलेलं तेच होतं. "वरून खाली. अन् ते रंग. थे कोणं सुचवलं?"

"कोण सुचवन? खड्ड्यात उतरून माती मी काढतो. मले जमीन वरून खालीच दिसते. वल्ली काळी, वाळली का भुरी."

इतके आलेख काढले, पण त्या खड्ड्याच्या काठावर मी एकदाही उभी राहिले नव्हते.

श्रीधरना वाटलं, भांडण मिटलं. ते सैलावून म्हणाले, "अन् तुले बी सुटका झाली न आता. तुह्या तळ्याचं काम काढ. इतक्या वर्साचं म्हणून राह्यली, तुमचे आलेख होऊ द्या, मग माझं. झाले न आता माझे."

माझं तळं. ते सांगायचं राहिलंच. पीएच.डी.ला माझंही नाव नोंदलेलं होतं, महल्ले सरांकडेच. कॉलेजच्या शिवारात शेजारी-शेजारी दोन शेततळी होती, तळाला प्लॅस्टिक अंथरलेली, म्हणजे पाणी जिरायचं काही नाही, जे जातं ते उन्हानं जातं. एकावर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, तट्ट्या तरंगत सोडायच्या, दुसरं उघडं ठेवायचं आणि रोज सकाळी दोन्हीतल्या मोजपट्ट्या वाचायच्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तट्ट्यांनी किती पाणी वाचतं, हा माझा विषय. दोन उन्हाळे मी मोजणी केली होती, आकडे कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते. फक्त आलेख काढून लिहायला बसायचं बाकी, असं मी सासूबाईंना सांगायची, महल्ले सरांना सांगायची आणि स्वतःलाही. यांचं होऊ द्या, मग माझं. हे वाक्य मला इतकं सवयीचं झालं होतं की त्याचा पहिला अर्धा भाग कधी खरा होईल, याचा मी विचारच केला नव्हता.

"काढतो न," मी ताडकन उठले. "आत्ता काढतो. पाहा."

कॉम्प्युटर त्याच खोलीत होता. मी ऑक्टेव्ह उघडलं, आकडे आत घेतले. श्रीधर मागे येऊन उभे राहिले आणि सवयीनं, हो, इतक्यातच सवय झाली होती त्यांना, त्यांचा हात कीबोर्डकडे आला. "सरक जराशी, रंग मी..."

"हात लावाचा नाही!"

त्यांनी हात मागे घेतला.

पहिला उन्हाळा पडद्यावर उमटला. दोन रेघा. उघड्या तळ्याची पाणी घेऊन खाली धावत सुटलेली, तट्ट्यांच्या तळ्याची सावकाश, दमानं उतरणारी. मधे वळवाचा पाऊस झाला तिथे दोघींनी जराशी मान वर केलेली. देखणा आलेख होता. माझा होता. मी मुद्दाम मागे वळून श्रीधरकडे पाहिलं नाही.

मग दुसरा उन्हाळा काढला.

एप्रिलच्या मध्यापर्यंत रेघा नीट आल्या. त्यानंतर दोन्ही रेघा सरळ झाल्या. पट्टी ठेवून ओढाव्यात तशा सरळ, थेट जूनपर्यंत. एकाच तिरक्या उतारानं, मधे ना वाक, ना एखादा खळगा.

"हे सरळ कायनं झालं?" श्रीधरनी विचारलं.

मला ते विचारायची गरज नव्हती. आकडे नसले की ऑक्टेव्ह अलीकडचा बिंदू उचलून पलीकडच्या बिंदूला जोडतं आणि मोकळं होतं. मधल्या दिवसांत काही घडलं की नाही, त्याला काय त्याचं? दुसऱ्याच्या आलेखात अशी रेघ दिसली की मी टोचून बोलायची, मोजलं नसेल तर रेघ तोडा, खोटी जोडू नका. त्या वर्षी चार-आठ दिवस मोजणी बुडाली असेल, असं मी धरून चालले होते. समोर दिसत होतं ते वेगळंच होतं. सगळा वैशाख गेला होता. ऊन पाणी खरोखर पिऊन टाकतं ते सगळे दिवस. त्यांच्याशिवाय तो उन्हाळा कुठल्याच कामाचा नव्हता.

"मोजलं नव्हतं?"

"नाही."

"कायले?"

तेव्हा मला आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, आता टाळता येईना. "तुमचा पयला लेख परत आला होता," मी म्हणाले. "सारे आलेख नवे मांगतले होते. सकाळी उठून तळ्यावर जाऊ, का थे काढू?"

श्रीधरनी काहीतरी बोलावं आणि मी त्यांना फाडून खावं, याची मी वाट बघत होते. ते हळू म्हणाले, "मी त तुले तळं सोड असं म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलं," मी म्हणाले. "तुमी काहीच नाही म्हटलं."

ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मनानं चांगला माणूस. तेव्हाही होता, आजही आहे.

"या उन्हाळ्यात पुन्हा मोजू," ते म्हणाले. "माझं आता सारं झालंच आहे. रोज सकाळी मी येतो सोबत. मी पट्टी वाचतो, तू लिहून घेत जा. तट्ट्या बी दोघं मिळून बांधू. अन् पाह्य, पाणी कसं वरून खाली जाते, त आलेखात..."

"नाही."

"काय नाही?"

"तुमी तळ्यावर यायचं नाही."

"अवं, एवढ्या लांब, उन्हाची एकटी जाशीन?"

"जाईन." आज हा माणूस पट्टी वाचेल, उद्या त्याला तळं माझ्याहून बरं समजेल आणि परवा महल्ले सर म्हणतील, वा गावंडे, आज पाणी दिसलं. "तळं माझं आहे."

ते उठले, सूप पुढ्यात ओढलं आणि उरलेल्या शेंगा एकटेच सोलत बसले.

त्या उन्हाळ्यात मी एक सकाळ चुकवली नाही. तट्ट्या नव्यानं बांधल्या, हाताला पऱ्हाट्यांचे ओरखडे उमटले. स्कूटर घेऊन शिवारात जायची, तळ्याच्या काटेरी तारेचं फाटक आतून लावून घ्यायची आणि पाण्याशी वाकून पट्टी वाचायची. श्रीधर प्रबंध दाखल करून मोकळे झाले होते आणि नोकरीवर जायची वेळ होईपर्यंत त्यांना काही काम नव्हतं. रोज सकाळी ते फिरायला म्हणून निघत आणि नेमके तळ्यापाशी येत. कपाशीचं रान बघायला आलो, म्हणत. वैशाखात कपाशीच्या रानात काय असतं बघायला?

तारेवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहत. मी एक पट्टी वाचे, लिहून घेई. दुसरी वाचे, लिहून घेई. त्यांची मान लांब होत जाई.

"आज किती उतरलं?" ते पलीकडून विचारत.

मी पेनाचं टोपण लावी.

"अवं, किती उतरलं? उघड्यातलंच सांग न. एकच सांग."

मी सांगितलं नाही.